दाब, धर, सोड

गाडी घेतली कळव्याच्या डायसकडून,
आणि डायस सहा फूट दोन इंच.
हँडल त्याच्या हातांच्या मापाचं.
मी पाच फूट एक, त्यातला एक चपलेचा.
वर्षभर मी क्रूझर चालवली असं नाही म्हणता येणार,
वर्षभर मी टाकीवर ओणवी होऊन
काहीतरी मागत होते.
पाम बीचला उजवीकडे वळताना
डावा हात संपायचा
आणि मूठ अजून चार बोटं पुढे असायची.

आज नाइट संपवून आले ती झोपलेच नाही.
ऐरोलीतल्या आमच्या बैठ्या घरापुढच्या
दोन कुंड्या सरकवल्या, टाकीवर टॉवेल टाकला.
हॉस्पिटलचा नाही. घरचाच.
तांडेलकाका दात घासत आले,
"गॅरेजला टाक ना, तीनशे घेईल."
मी म्हटलं, हो.
ते ब्रश तोंडात धरून उभेच राहिले.

आरसे आधी. मग मुठी.
रबर चिकटून बसलेलं, सिरिंजने आत साबणाचं पाणी सोडलं,
आणि मूठ निघाली
सुजलेल्या बोटातून अंगठी निघते तशी, गोल गोल,
कुरकुरत.
ब्रेकची डबी कलंडू नये म्हणून
परकराच्या नाडीने हेडलाइटला उभी टांगली.
चार बोल्ट, सहाची अ‍ॅलन की.
चौथ्याने बाकी तिघांचाही राग धरून ठेवला होता.
डायसचं हँडल हातात आलं, फुंकर मारली
तर वाजलं.

नवं म्हशीच्या शिंगांसारखं मागे वळलेलं.
क्लचची केबल पुरली, वायरी पुरल्या,
ब्रेकची नळी दोन बोटं कमी.
हे मला माहीत होतं, लांब नळी ठाण्याहून आणून ठेवलेली.
पण नवी नळी म्हणजे आत हवा.

हवा.
एवढं एक काम मला येतं.
एकवीस वर्षं नळीतला बुडबुडा शोधतेय,
टिचकी मारून वर पिटाळतेय,
कुणाच्या अंगात जाऊ नये म्हणून.
फक्त इथे माणसं दोन लागतात,
एक वर दाबायला, एक खाली नट उघडायला.
काकांच्या हातात ब्रश होता.

आई बाहेर आली, स्टुलावर बसली.
तिने तुर्भ्याच्या औषध कंपनीत सव्वीस वर्षं
बाटल्यांना बुचं लावली.
गाडी आणली तेव्हा तीन दिवस
माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलली होती.

"दाब," मी खालून म्हटलं. "धर."
नट पाव आटा सैल. बुडबुडे,
मोहरीएवढे, मग एक मोठा, आळशी.
नट बंद. "सोड."
दाब. धर. सोड.
काका मोजायला लागले, चुकले, तोंड धुवायला गेले.
डबीत पुन्हा तेल घातलं, एक थेंब पायरीवर पडला,
पायरीचा रंग तिथे फुगला.
दाब. धर. सोड.

अकराव्या की बाराव्या वेळी
आई म्हणाली, "लागलं आता."
मी म्हटलं, नळीत अजून एक दिसतोय.
"नाही गं. लागलं."
मी चष्मा पुसला. बुडबुडा नव्हताच,
नळीवरचा ओरखडा होता.

मग सगळं आवळलं, नट, बोल्ट, आरसे.
हँडल पार डावीकडे, पार उजवीकडे,
कुठे ताण नाही.
अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडला, आपला आपण मागे आला.
बसले. आणि कोपर वाकलं.
एवढंच झालं, वर्षभरात पहिल्यांदा कोपर वाकलं,
आणि पाठीला कळेना आता करायचं काय.

उजव्या मुठीकडे हात नेला तर तिथे आई,
स्टूल गाडीला टेकवून, ब्रेक दाबून बसलेली,
बोटं पांढरी पडलेली.
"आई, काढ ना हात."
"तू सोड म्हणाली नाहीस."